परक्या पाण्यात ठेवलेला मासा

जपानहून परत येऊन नऊ दिवस झाले, तरी उजव्या अंगठ्याच्या नखात तिथला चिखल आहे. ब्रशने घासला की थोडा निघतो. सगळा काढावा असं वाटत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात प्रवासाबद्दल लिही, असं कर्णिककाकूंनी सांगितलं. मी म्हटलं, काकू, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, मला कुठलं लिहिता येतंय. त्या म्हणाल्या, "बोलता येतं ना? मग तसंच लिही. ऱ्हस्वदीर्घ मी बघते." म्हणजे हे सगळ्यात आधी त्याच वाचणार. काही ठिकाणी हात अडखळेल, पण झालं तसंच लिहितो.

मी आटपाडी तालुक्यातला. आमच्याकडची माणसं देशभर गलाईच्या कामाला जातात, म्हणजे सराफांकडचं मोडीचं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करायचं. चौदाव्या वर्षी वडिलांनी मला दिल्लीच्या करोल बागेत एका नातेवाइकांच्या भट्टीवर आणून सोडलं. तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुराने छाती धरली, तेव्हा भट्टी सोडून शोभेच्या माशांच्या दुकानात लागलो. तिथेच कर्णिककाका भेटले. मी मासा पिशवीत भरताना "थांब की बाई जरा" असं पुटपुटलो, आणि समोरचं गिऱ्हाईक हसून म्हणालं, "सांगली का सातारा?" दिल्लीत त्या दुकानात मला कुणी मराठीत विचारेल, असं वाटलं नव्हतं.

काका गुडगावच्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर होते. कारखान्याने त्यांना ट्रेनिंगला जपानला पाठवलं आणि ते कोई माशांचं वेड घेऊन परतले. कोई म्हणजे तळ्यात ठेवायचा रंगीत मासा. तो दोन-दोन फूट वाढतो, आणि त्याचं रूप वरून बघायचं असतं. नव्या सेक्टरमध्ये घर बांधलं तेव्हा काकांनी गाडीच्या जागेत तळं खोदलं आणि गाडी रस्त्यावर उभी केली. मोटारीचा इंजिनियर आणि मोटार बाहेर उन्हात! सगळा सेक्टर हसायचा. तळ्याकडे बघायला त्यांनी मला घरी आणलं, गच्चीवरची खोली दिली, पाणी तपासायला शिकवलं. मला घर दिलं, असंच म्हणायला हवं.

गेल्या वर्षी काका कोईवाल्या मित्रांबरोबर जपानमधल्या निगाताला गेले. तिथे त्यांनी एक वीतभर मासा घेतला आणि तिथेच ठेवला. तशी रीत आहे तिकडे. घेतलेला मासा पाळणाऱ्याच्याच डोंगरातल्या मातीच्या तळ्यात उन्हाळाभर वाढू द्यायचा. पानगळीत तळी उपसतात, तेव्हा जाऊन बघायचं काय झालंय ते. काकांनी माशाचा फोटो आणला, तो काकूंना दाखवला, फ्रिजवर लावला. थंडी संपता संपता काका गेले.

या वर्षीच्या सहलीत त्यांचं नाव आधीच घातलेलं होतं. काकू म्हणाल्या, "सदा जाईल." सदा म्हणजे मी.

त्याच संध्याकाळी त्या पुण्याच्या लेकीशी फोनवर बोलत होत्या. लेक म्हणत होती, घर विक, तळं बुजव, इकडे ये. काकू म्हणाल्या, "मासा काय होतोय ते बघू. तो आला तर राहीन म्हणते. नाहीतर येतेच." मी जिन्यात उभा होतो. मासा नाही तर तळं नाही, आणि तळं नाही तर मी कुठला? परत भट्टीवर जाण्याचं वय राहिलं नव्हतं, आणि गावात माझ्या वाटणीचं काही उरलं नव्हतं. हे सगळं एका माशावर आलं होतं, आणि तो जिवंत आहे का, हेही माहीत नव्हतं.

शुक्रवार

दहावी नाही म्हणून माझ्या पासपोर्टवर एक जास्तीचा शिक्का आहे, परदेशी मजुरीला जाणाऱ्यांना तपासायचा. आदल्या रात्री दिल्लीच्या विमानतळावरच्या साहेबाने तो बघितला, मला बघितलं, पुन्हा शिक्का बघितला. "काम करने जा रहे हो?" मी म्हटलं, "मछली देखने." त्याने पेन खाली ठेवलं. मागून खन्नाजी पुढे आले. खन्नाजी गाझियाबादचे बिल्डर, सहलीचे म्होरके, आवाज सगळ्या हॉलला ऐकू जाणारा. "सरजी, ये हमारा एक्सपर्ट है. इसके बिना हमें मछली का सिर कौन-सा, पूँछ कौन-सी, पता नहीं चलता." साहेब हसला आणि सोडलं. मला मात्र पार तिकडे उतरेपर्यंत वाटत होतं, कुणीतरी परत बोलावेल.

आम्ही पाच जण होतो. तिकडे न्यायला दुभाषी मिचिकोबाई आल्या होत्या. त्या दोन वर्षं दिल्लीत राहून हिंदी शिकलेल्या, तीही पुस्तकातली. "कृपया अपना सामान यहाँ रखने का कष्ट करें," असं त्या म्हणाल्या, तेव्हा खन्नाजी माझ्या कानात पुटपुटले, "यार, इतनी इज़्ज़त से तो मेरी सास नहीं बोलती."

गाडी डोंगरात शिरली आणि मी काचेला नाक लावून बसलो. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बांध, आणि प्रत्येक पायरीवर पाणी. काही पायऱ्यांवर कापलेल्या भाताची खुटं, काहींवर माशांची तळी. झाडांची पानं गळालेली, पण फळं तशीच, टोमॅटोएवढी नारिंगी. रस्त्याच्या कडेने पाट वाहत होता. त्यावर कुलूप नव्हतं, रांग नव्हती, कुणी राखणीला बसलेलं नव्हतं.

रस्त्याच्या मधोमध गंजासारखा लाल पट्टा होता, मैलोन्‌मैल. मी विचारलं तर मिचिकोबाई म्हणाल्या, खाली नळ आहेत. हिवाळ्यात माणूसभर बर्फ पडतो, तो वितळावा म्हणून जमिनीतलं पाणी रस्त्यावर उडवतात. त्या पाण्यातल्या लोहाचा तो रंग.

जमिनीतलं पाणी, रस्त्यावर! आमच्या गावात पाचशे फुटांवर बोअर मारल्यावर धुरळा आला होता. वडील त्या भोकाशेजारी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बसून राहिले होते. मी काचेतून तो लाल पट्टा बघत राहिलो. हेवा नाही वाटला. वडिलांना हे दाखवायला हवं होतं, एवढंच वाटत होतं. नुसतं दाखवायला.

मुक्कामाच्या जागी दारात चपला काढायच्या, आतल्या घालायच्या, आणि संडासात जाताना तिथल्या वेगळ्या. मी त्या संडासातल्या घालून थेट जेवायच्या चटईपर्यंत गेलो. सगळं घर माझ्या पायाकडे बघू लागलं. दातांचे डॉक्टर माथुर म्हणाले, "सदा, तू तो टॉयलेट ही साथ ले आया!" वाढणाऱ्या बाईंनी तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून बाहेर आलं. मी आल्या पावली पळालो.

जेवणात नव्या तांदळाचा भात होता. एवढा गोड आणि चिकट की कालवणाची वाट बघावी लागत नाही. मी तीन वाट्या खाल्ल्या आणि तरी भाकरीची आठवण आली. चव चांगली लागली की मला नेहमी दुसरीच चव आठवते, हा माझा जुना दोष आहे.

शनिवार

तळ्यांचे मालक सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना ओजीसान म्हणत, म्हणजे आजोबा. कंबर वाकलेली, बोलणं कमी. आमच्या लोकांचे मासे होते ते तळं अर्ध्याहून जास्त उपसून ठेवलेलं होतं. गढूळ पाणी मांडीएवढं राहिलेलं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळं धरून सहा-सात बायामाणसं रबरी विजार घालून पाण्यात उभी. पाहुण्यांनी बांधावर उभं राहायचं, फोटो काढायचे.

हे मला कुणी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. सांगितलं असेलच. पण बारा वर्षं पाण्यात जाळं उतरलं की मी पाण्यात उतरतो. बांधावर उभं राहायचं काम काकांचं. जाळं हललं, आणि माझे हात आपोआप बुटांकडे गेले. बूट काढले, विजार दुमडली आणि मी उतरलो.

दोन पावलांवर गुडघ्यापर्यंत रुतलो. तिसरं पाऊल उचललंच नाही. पाणी बर्फासारखं. मी डावीकडे ओणवा झालो आणि धरायला जाळ्याचीच दोरी धरली. ती खाली गेली आणि सगळी रांग थांबली. ओजीसान बांधावरून ओरडले. बांधावरून खन्नाजीही ओरडले, "अरे सदा, तू गेस्ट है यार! गेस्ट!"

दोन बायांनी मला काखेत धरून उपटलं, अगदी रोप उपटावं तसं. मिचिकोबाईंचं तोंड उतरलं होतं. दोरी खाली गेली की त्या फटीतून मासे निसटतात, चिखल ढवळला की ते घाबरतात, असं त्यांनी सांगितलं, आणि वर "आपसे निवेदन है" असं जोडलं. मी कमरेत वाकून माफी मागितली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा ओजीसानांनी माझे हात हातात घेतले, उलटे करून बघितले. तेजाबाचे जुने डाग, पाण्याने उकललेली बोटं. घरातून त्यांनी एक रबरी विजार आणवली आणि रांगेत शेवटच्या जागेकडे बोट केलं.

म्हणून काकांचा मासा बांधावरून बघितला नाही मी. जाळं आवळत आलं, तसे मासे पायांना लागू लागले. आपटत नाहीत ते, पाठीने ढकलतात. त्या गढूळ पाण्यात कुठला कुणाचा, काही कळत नव्हतं. मी प्रत्येकाला मनात विचारत होतो, तू का?

वर निळ्या टोपात एकेक मासा ठेवून ओजीसान फोटोंशी ताडून बघत होते. खन्नाजींचा निघाला, तगडा, लाल तसाच्या तसा. टाळ्या झाल्या. मग एका माशाशी ओजीसान थांबले. फोटो बघितला, मासा बघितला, चष्मा पुसला.

काकांच्या फोटोतला मासा पांढराशुभ्र, पाठीवर लाल रंगाचे तीन ठळक पट्टे, एकामागे एक. काकांनी रंगावरच तर तो निवडला होता. टोपातला मासा पांढरा होता. नुसता पांढरा. शेपटीजवळ नखाएवढा लाल ठिपका राहिला होता, तोही फिकट. रंग वाढत्या वयात विरतो कधीकधी, हे प्रत्येक कोईवाल्याला माहीत असतं. मासा मात्र तोच होता. उजवीकडची मिशी आखूड होती, फोटोतल्यासारखीच.

"ओह," डॉक्टर माथुर म्हणाले. मयताच्या घरी भेटायला आल्यासारखे सगळे उभे होते.

ओजीसान माझ्यापुढे खोल वाकले. मग आत गेले आणि शेडमधल्या टाकीतून दुसरा एक मासा घेऊन आले. तो टोपात ठेवला, शेजारी फोटो धरला. तीन पट्टे, त्याच जागी, त्याहून ठसठशीत. मिचिकोबाई म्हणाल्या, "ये कहते हैं, रंग न टिकना इनकी लज्जा है. आप यह ले जाइए. इसका कुछ नहीं लेंगे."

खन्नाजींनी मला बाजूला घेतलं. एरवीचा मोठा आवाज त्यांनी खाली आणला होता. "देख बेटा. भाभीजी ने फोटो देखी है ना? तो फोटो वाली मछली ले जा. उनको क्या पता चलेगा? खुश हो जाएँगी. पुण्यच आहे," शेवटचं त्यांनी माझ्यासाठी मराठीत म्हटलं. वाईट मनाने बोलत नव्हते ते. काकांचे मित्र होते.

खरं लिहायचं तर मला तो दुसरा मासा हवा होता. काकूंच्या आनंदासाठी म्हणून थोडा, माझ्यासाठी जास्त. तो आला की घर विकलं जाणार नाही, हे मला टोपात स्पष्ट दिसत होतं. आणि हा पांढरा बघून काकू म्हणतील, जाऊ दे रे, हे गेले तसा त्यांचा मासाही गेला. मी म्हटलं, उद्या सांगतो.

संध्याकाळी ओजीसानांच्या घरी चहाला गेलो. खन्नाजींनी पानिपतची जाड दुलई दिली, मी काकूंनी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा. तिकडे पाहुण्यासमोर भेट उघडत नाहीत. आजींनी डबा दोन्ही हातांनी घेतला, तसाच भिंतीतल्या देव्हाऱ्यापुढे ठेवला, छोटी घंटा वाजवली आणि हात जोडले. देव्हाऱ्यात त्यांचे गेलेले सासू-सासरे होते. मग त्या मिचिकोबाईंना काहीतरी म्हणाल्या, माझ्याकडे बघत.

"ये कहती हैं, आपके साहब इसी जगह बैठे थे. बोले थे, अगले वर्ष पत्नी को लाऊँगा. पत्नी कहती हैं, मेरा सारा ध्यान मछली में है, यहाँ आकर देखेंगी तो समझेंगी."

हे मी काकूंना दुसऱ्या दिवशीच्या फोनवर सांगितलं नाही. आल्यावरही सांगितलं नाही. ते इथेच लिहायचं होतं.

रविवार

सकाळी एकटाच शेडमध्ये गेलो. दोन्ही मासे वेगवेगळ्या टाक्यांत होते. तीन पट्ट्यांचा दिमाखात फिरत होता, मला बघून खाली गेला. पांढरा वर आला. मी बोटं पाण्यात धरली, तर आखूड मिशीने चाचपून गेला. ओजीसानांनी मूठभर खाद्य दिलं. त्याने हातातून खाल्लं, घाईने, बोटाला ओठ लावून.

मला आमच्या गावचा एस.टी. स्टँड आठवला. भट्टीवर पाच वर्षं काढून पहिल्यांदा गावी गेलो होतो. गाल बसलेले, हात काळेपिवळे, अंगाला तेजाबाचा वास. वडील घ्यायला आले होते, आणि माझ्यासमोरून पुढे निघून गेले. मी हाक मारली तेव्हा वळले, बराच वेळ बघत राहिले. शेजारच्या माणसाने विचारलं, "कोन हाय वो?" वडील म्हणाले, "पोरगं हाय माझं. जरा करपलंय, पन माझंच हाय." आणि माझी पिशवी त्यांनी खांद्यावर घेतली. घरापर्यंत मला धरू दिली नाही.

मी मिचिकोबाईंना म्हटलं, मला दिल्लीला फोन करायचाय. ओजीसानांनी आपला फोन ओटीवर आणून ठेवला आणि ते दूर जाऊन बसले. तिथे दुपारचे बारा, म्हणजे दिल्लीत सकाळचे साडेआठ. नंबर दोनदा चुकला.

"काकू, सदा बोलतोय."

"अरे, पोचलास ना नीट? खायचं काय करतोस?"

"भात आहे. काकू, मासा जिवंत आहे. दीड फूट झालाय."

"अगंबाई!"

"पण लाल गेला, काकू. फोटोत आहे तसा नाही राहिला. पांढरा झालाय. शेपटीजवळ थोडा उरलाय." मग थांबलोच नाही मी. "इथे त्याच्या बदल्यात दुसरा देतायत, हुबेहूब फोटोतला. तोच न्यावा, तुम्हाला सांगू नये, असं चाललं होतं. मलाही वाटलं होतं तसं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"हे खन्नांचं डोकं ना?"

"हो. पण मीही…"

"वाटलंच मला. पांढरा म्हणजे आजारी आहे का तो?"

"नाही. हातातून खातो."

"मग त्याला झालंय काय?"

"काही नाही. रंग गेला, एवढंच."

"एवढंच ना? मग त्याला तिथे टाकून तू कुणाचा तरी उचलून आणणार होतास? ह्यांनी ठेवलाय तो, सदा. वर्षभर वाट बघत असेल. आण त्याला."

मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मी परत येऊ शकलो नसतो. "आणि काकू, तळं? तुम्ही पुण्याला…"

"तू जिन्यात उभा राहून ऐकतोस, ते मला माहीत आहे." त्यांनी घसा खाकरला. "बरं, एक सांग. तळ्याचं पाणी काल बावीस डिग्री होतं, आज सकाळी एकवीस आहे. हे उतरतंय ते बरोबर आहे का?"

काका गेल्यापासून काकूंनी तळ्याकडचं दार उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. "तुम्ही मोजलंत?"

"मग कोण मोजणार? तू तिकडे भात खातोयस. बरोबर आहे की नाही ते सांग आधी."

"बरोबर आहे, काकू. थंडीत उतरतंच."

"मग ठीक. नवीन माणूस येणार घरात, त्याला बाधायला नको."